लोणारची साक्ष

विदर्भाच्या पश्चिम कडेला, बुलढाणा जिल्ह्यात, पठार दूरवर सपाट पसरत जाते आणि लोणार गावाशी येऊन एकाएकी तुटते. पायांपुढे दीडशे मीटर खोल, जवळजवळ अचूक वर्तुळाकार विवर उघडते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंचावलेला. आतल्या उतारावर दाट झाडी आणि जुनी देवळे. तळाशी क्षारांनी जड झालेले हिरवट पाणी. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी येथे आला. त्याच्या नोंदीने लोणारचे नाव विज्ञानाच्या दफ्तरात दाखल झाले. हे विवर कोरले कोणी, या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळायला मात्र त्यानंतर दीडशे वर्षे जावी लागली.

लोकांपाशी उत्तर फार पूर्वीपासून होते. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली दडून राहत असे. भगवान विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला, अशी कथा घरोघरी सांगितली जाई. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेचे स्मारक. व्यवहारी जगालाही लोणार ठाऊक होते. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त येथील काच आणि साबणाला लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचा क्षार खरवडून काढत आणि त्याच्या प्रतवारीनुसार दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे देऊन तो बाजारात धाडत. क्षाराचा हिशेब लागला, देवाची कथा रंगली; विवराचे कोडे मात्र जागच्या जागी राहिले.

एकोणिसाव्या शतकातले भूवैज्ञानिक या कोड्याला भिडले, तेव्हा त्यांना पहिला अडसर झाला तो खुद्द खडकाचाच. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या डोक्यावर उभे असलेले माहुलीचे सुळके, मुरबाडकडून घाटमाथ्यावर नेणारे माळशेजचे कडे आणि लोणारचे पठार, हे सारे एकाच काळ्या पाषाणाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट थरांवर थर चढवीत गेले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या बेसॉल्टखाली गाडला गेला. जो सारा मुलूखच ज्वालामुखीच्या रसाचा बनला, त्यात गोल विवर दिसल्यावर ज्वालामुखीखेरीज दुसरे काय आठवणार? १८७९ साली भारताच्या भूशास्त्राचा आद्य ग्रंथ लिहिताना मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी तोच कौल दिला: वाहत्या पाण्याला असला खळगा कोरता येत नाही, तेव्हा हे काम ज्वालामुखीच्या स्फोटाचेच असले पाहिजे.

पण कौल देणाऱ्यांनाही खटकत राहील अशी एक गोष्ट तिथे उघड्यावर पडलेली होती. काठावर विखुरलेले धोंडे जुन्याच थरांचे होते. नव्या लाव्ह्याचा ओघळ नाही, राखेचे ढीग नाहीत. विवर तर दिसायला कोवळे. त्याची कडा अजून पुरती झिजलेलीही नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेल्या भट्टीने अलीकडे एकदाच, एकाच जागी स्फोट का करावा? १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचीही नजर जमिनीच्या पोटातच कारण शोधत राहिली. आकाशाकडे कोणी पाहिले नाही.

या कथेचे दुसरे टोक हजारो कोस दूर, अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात होते. तिथेही एक विवर होते, लोणारपेक्षा थोडे लहान, सव्वा किलोमीटर व्यासाचे. त्याच्या आसपास मेंढपाळांना लोखंडाचे जड, गंजलेले गोळे सापडू लागले. १८९१ साली खनिजतज्ज्ञ अल्बर्ट फूट यांनी ते तपासले आणि हे आकाशातून पडलेले लोखंड आहे, असे जाहीर केले. ‘कॅन्यन डायब्लो’ या नावाने ही लोह-अशनी जगभर प्रसिद्ध झाली.

आकाशातले लोखंड ओळखावे कसे, हे तोवर शास्त्रज्ञांना उमगले होते. त्याची पहिली खूण निकेल. पृथ्वीच्या कवचातून गाळलेल्या लोखंडात ते सहसा नसते. लोह-अशनीत साधारण पाच टक्क्यांहून अधिक असते. दुसरी खूण त्याहून मोहक. १८०८ साली व्हिएन्नात आलोइस फॉन विडमानस्टेटन यांनी लोह-अशनीचा चिरलेला, घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग तापवला, तेव्हा त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटली. आम्लाने खाल्लेल्या पृष्ठभागावरही तीच जाळी दिसते. निकेलमिश्रित लोखंड अतिशय संथपणे निवत गेले तरच ती घडते. कुठल्याही भट्टीत तिची नक्कल करता येत नाही. या पट्ट्यांच्या रुंदीवरून लोह-अशनींचे वर्ग पडले; पुढे गॅलियम, जर्मेनियम, इरिडियम अशा सूक्ष्म घटकांच्या मोजमापाने ती वर्गवारी आणखी नेमकी झाली. कॅन्यन डायब्लो रुंद पट्ट्यांच्या अष्टफलकी वर्गात बसली. लोखंडाची ओळख पटली. ज्या विवराभोवती ते विखुरले होते, त्याची ओळख मात्र चुकणार होती. आणि त्या चुकीत लोणारला साक्षीदार म्हणून उभे केले जाणार होते.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेचे अग्रगण्य भूवैज्ञानिक. अशनीच्या आघाताने विवर पडले असावे, ही कल्पना त्यांना मनापासून आवडली होती, आणि म्हणूनच त्यांनी तिची कठोर परीक्षा घ्यायचे ठरवले. १८९१च्या अखेरीस ते विवरापाशी पोहोचले. प्रचंड लोहगोल तळाशी गाडला गेला असेल, तर बाहेर फेकलेला मुरूम-दगड खळग्यात मावणार नाही आणि होकायंत्राची सुईही विचलित होईल. गिल्बर्टनी काठाचे मोजमाप केले. बाहेरचा दगड खळग्यात बरोबर मावत होता. सुई जागची हलली नाही. आवडता तर्क त्यांनी स्वतःच्या हातांनी बाजूला ठेवला आणि जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने विवर झाले, असा निर्णय दिला. भोवतीचे लोखंड त्यांच्या लेखी केवळ योगायोग ठरले. १८९६ साली हा निर्णय प्रसिद्ध करताना त्यांना जगात दुसरे तसे उदाहरण हवे होते. ते त्यांना भारतात मिळाले: लोणार! तोच आकार, तसाच उंचावलेला काठ, आणि ताज्या लाव्ह्याचा तसाच अभाव. दोन विवरे एकाच जातीची आहेत, हे गिल्बर्टच्या नजरेने अचूक टिपले. ती जात कोणती, एवढेच चुकले.

चूक का झाली, हे कळायला एका माणसाचे उरलेले आयुष्य खर्ची पडले. खाणउद्योजक डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ साली ॲरिझोनाचे विवर हाती घेतले. तळाशी कोट्यवधी टन लोखंड असणारच, अशी त्यांची खात्री. सत्तावीस वर्षे ते भोके पाडत राहिले. पाण्याने विहिरी भरल्या, पाती अडकली, पैसा आटला. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट मोल्टन यांनी गणित मांडले: इतक्या वेगाने येऊन आदळणारी वस्तू जमिनीत रुतून बसत नाही. तिचा वेगच स्फोट होतो. तिचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होऊन उडून जातो. म्हणजे तळाशी खजिना नव्हताच. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बॅरिंजर हृदयविकाराने गेले. आघाताबद्दल ते खरे ठरले होते, लोखंडाबद्दल नाही. गिल्बर्टच्या दोन्ही कसोट्या का फसल्या, तेही याच गणिताने उलगडले. तळाशी जे उरलेच नव्हते, त्याने सुई हलणार कशी?

तरीही ‘आघात झाला’ हे दाखवायला पुरावा हवा होता. तो १९६० साली मिळाला. यूजीन शूमेकर यांनी नेवाडातल्या अणुचाचण्यांच्या खड्ड्यांशी ॲरिझोनाचे विवर ताडून पाहिले, आणि एडवर्ड चाओ यांच्यासह तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट शोधून काढले. गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे हे रूप विलक्षण दाबाखालीच जन्मते. कोणत्याही ज्वालामुखीला भूपृष्ठावर तो दाब आणता येत नाही. आता अशनीचा तुकडा हाती नसला तरी तिने दगडावर केलेला घाव वाचता येणार होता. जगभरच्या गोल विवरांकडे अभ्यासक नव्या डोळ्यांनी पाहू लागले.

साहजिकच लोणारची पाळी आली. १९६४ साली यूजीन लाफाँड आणि रॉबर्ट डीट्झ यांनी लोणारवर निबंध लिहिला. हे अशनी-विवर असावे, असे त्यांचे प्रतिपादन. पण शीर्षकाच्या शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह ठेवले. ते खोडण्याजोगा पुरावा कोणापाशीच नव्हता. लोणारभोवती ॲरिझोनासारखे लोखंड पडलेले नव्हते. गावाजवळच्या अंबर तळ्याकाठी पहुडलेल्या मारुतीची मूर्ती चुंबकी दगडाची आहे, ही लोकांची श्रद्धा. पण विज्ञानाला हवा तो निकेलयुक्त तुकडा काही मिळाला नाही. आणि कोएसाइटची ती नवी किल्ली इथल्या कुलपाला लागेना. कोएसाइट घडायला मुळात क्वार्ट्‌झ लागते, आणि लोणारच्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतेच. बेसॉल्टमध्ये आघात-विवर झालेले कोणी तोवर सिद्ध केलेच नव्हते, त्यामुळे बेसॉल्टवरचा घाव नेमका कसा दिसतो, याचा नमुनाही कुठे उपलब्ध नव्हता.

नव्हता, असे म्हणताना एक अपवाद करावा लागतो, आणि तोही भारतभूमीवरच घडलेला. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीत आकाशातून एक दगड पडला. त्याचा एक भाग व्हिएन्नाला पोहोचला. १८७२ साली गुस्टाव चेरमाक यांना त्यात एक चमत्कारिक पदार्थ आढळला. बाह्य आकार फेल्डस्पार या नित्याच्या खनिजाच्या स्फटिकाचा, पण आतून तो चक्क काच! ब्रिटिश म्युझियमचे खनिजशास्त्रज्ञ मास्केलाइन यांच्या नावावरून त्याला ‘मास्केलिनाइट’ म्हटले गेले. हा पदार्थ नेहमीच्या अर्थाने वितळून बनत नाही, हे विसाव्या शतकात कळले. वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा धक्का क्षणार्धात आरपार गेला, की स्फटिकाची आतली रचना कोसळते आणि बाहेरचे रूप तसेच राहते. बेसॉल्ट फेल्डस्पारने भरलेला असतो. म्हणजे लोणारच्या खडकाला कधी असा धक्का बसला असेल, तर त्याच्या पोटात मास्केलिनाइट असलेच पाहिजे.

पण काठावर वरवर फिरून ते गवसणारे नव्हते. घावाचा मूळ ठिकाणा सरोवराच्या तळाखाली होता आणि त्यावर सुमारे शंभर मीटर जाडीचा गाळ साचलेला होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांनी हात मिळवले. अशनींचे अभ्यासक कुर्ट फ्रेड्रिक्सन, अमेरिकी सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन, आणि भारतीय सर्वेक्षणाचे ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम ही नावे या मोहिमेशी कायमची जोडली गेली. विवराच्या तळात यंत्राने भोके घेतली गेली, काठावर चर खणले गेले. पात्यांबरोबर आधी वर आला तो नुसता चिखल: मऊ, काळा, शतकानुशतकांचा. मग गाळ संपला आणि खडक लागला. तो अखंड नव्हता. पठारावर शिस्तीने रचलेले लाव्ह्याचे थर येथे चुरडून गेले होते. मोठमोठे तुकडे बारीक भुग्यात रुतून बसले होते. काही तुकड्यांवर टोकाकडून पसरत जाणाऱ्या शंकूसारख्या भेगा दिसत होत्या, आघाताच्या लहरींनी खडकावर उमटवल्या जातात तशा. आशा वाढली. पण तुटलेला दगड स्फोटानेही तुटतो; निर्णय व्हायचा तो त्याच्या अंतरंगात.

खडकाचे कागदाहून पातळ काप काढले गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले गेले. ध्रुवित प्रकाशात फेल्डस्पारचा निरोगी स्फटिक ओळखणे सोपे असते. त्यावर उजळ आणि काळ्या पट्ट्या दिसतात, आणि काप फिरवला की पट्ट्यांचा उजेड-अंधार बदलत जातो. लोणारच्या तळातून आलेल्या बारीक भुग्यातल्या काही कणांत मात्र स्फटिकाची चौकट ओळखीची, कडा शाबूत, आणि आत नुसता काळोख! काप कितीही फिरवा, त्या चौकटी उजळत नाहीत. प्रकाशाने असे वागावे ते फक्त काचेत. स्फटिकाच्या अंगात काच: मास्केलिनाइट! शतकापूर्वी बिहारमध्ये पडलेल्या दगडाने जगाला जे दाखवले होते, ते आता महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या पोटात सापडले होते.

काठावरच्या चरांनीही तेच सांगितले, अधिक मोठ्याने. तिथल्या तुकड्यांत फेल्डस्पार वितळून बुडबुड्यांनी फुगले होते. खडकाच्या वितळलेल्या रसाचे गोळे आणि बारीक काचमणी मातीत विखुरलेले मिळाले. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा लाव्हा आपल्याबरोबर उष्णता आणतो, पण लाखो वातावरणांचा असा दाब तो आणू शकत नाही. ज्वालामुखीचा दावा तिथेच कोसळला. मे १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या चौघांचा निबंध प्रसिद्ध झाला. लोणार हे बेसॉल्टमध्ये झालेले आघात-विवर आहे, असे त्याच्या शीर्षकातच निःसंदिग्धपणे म्हटले होते. १९६४चे प्रश्नचिन्ह पुसले गेले. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी गिल्बर्टनी वाफेच्या स्फोटाच्या बाजूने ज्या लोणारला उभे केले होते, त्याने अखेर खरी साक्ष दिली, आणि ती ॲरिझोनाच्या साक्षीशी तंतोतंत जुळली.

या यशाची वेळही विलक्षण होती. १९६९पासून अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरचे दगड घेऊन येत होते. चंद्रावरची काळसर मैदाने बेसॉल्टची आणि सारा पृष्ठभाग आघातांनी चाळण झालेला. चंद्रावरच्या मातीत काचेचे मणी होते, चुरडून पुन्हा एकत्र घट्ट झालेले दगड होते. त्यांच्याशी ताडून पाहायला पृथ्वीवर काय होते? ॲरिझोनाचे विवर वालुकाश्मात आणि चुनखडीत. बेसॉल्टमधले ज्ञात विवर त्या घडीला एकच, लोणारचे. इथले काचमणी आणि चूर्णपाषाण चांद्र नमुन्यांशी पृथ्वीवरच्या इतर विवरांपेक्षा अधिक जवळचे आहेत, हे त्याच निबंधाने नोंदवले. ज्या तळ्याकाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पापडी खरवडत आली, ते चंद्र समजून घेण्याची प्रयोगशाळा बनले. १९७९ साली लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा लाभला; २०२० साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत त्याचे नाव आले.

शोध मात्र थांबला नाही. विवराचे वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले गेले. २०११ साली अरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. आदळले ते काय होते, याचाही माग लागू लागला. सूक्ष्म काचमण्यांत क्रोमियम, कोबाल्ट आणि निकेल यांचे जे वाढीव प्रमाण आढळले, त्यावरून २००९ साली अभ्यासकांनी अनुमान काढले की ही वस्तू लोखंडाची नसून काँड्राइट जातीची पाषाण-अशनी असावी. लोणारभोवती लोखंड का सापडत नव्हते, याचे हे एक पटण्याजोगे उत्तर आहे.

लोणारच्या या दीर्घ तपाचा धडा सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या माळावर कुणाला जड, तांबूस-काळा, चुंबकाकडे ओढला जाणारा दगड सापडला तर कुतूहल जागे होणारच, आणि ते झालेच पाहिजे. पण चुंबकाची ओढ हा पुरावा नव्हे. आपल्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असते आणि जुन्या भट्ट्यांची मळीही चुंबकाला चिकटते. लोह-अशनीची खरी कसोटी आतल्या धातूत असते: त्यातले निकेल, आणि घासून आम्लाने धुतल्यावर उमटणारी विडमानस्टेटनची जाळी. ती परीक्षा घरच्या घरी हातोडा घालून करू नये. भारतात पडलेल्या अशनींचे जतन आणि नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. कोलकात्याच्या त्यांच्या संग्रहात देशभरच्या अशनी वर्गवारीने ठेवलेल्या आहेत. जिथे दगड मिळाला ती जागा नीट नोंदवून तो तज्ज्ञांच्या हाती देणारा शेतकरी, शिक्षक वा विद्यार्थी हाही शोधाचा तितकाच खरा भागीदार असतो. ॲरिझोनाची कथासुद्धा मेंढपाळांनी उचललेल्या गंजक्या गोळ्यांपासूनच सुरू झाली होती.

अलेक्झांडरच्या नोंदीपासून सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या काळ्या चौकटींपर्यंत दीडशे वर्षे गेली. त्यात कोणाचेच श्रम वाया गेले नाहीत. ब्लॅनफर्डनी पाण्याचा पर्याय खोडला, गिल्बर्टनी दोन विवरांचे नाते जोडले, बॅरिंजरनी आघाताचा हट्ट सोडला नाही, चेरमाकनी एका अनोळखी काचेची नोंद करून ठेवली, आणि फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी चिखलाखालचा खडक गाठून त्या साऱ्यांचे धागे एकत्र विणले. चुकीचे तर्कसुद्धा प्रामाणिक मोजमापावर उभे असले की पुढच्याच्या हाती शिडी होऊन येतात. लोणारचे सत्य अशा कित्येक हातांनी वर चढवत आणलेले आहे, आणि म्हणूनच ते आज इतके भक्कम उभे आहे.